शंभरपैकी चौऱ्याण्णव

त्रिंबक सरांना कॉलेजातली पोरं पाठीमागं 'ठीक-हाय-ना सर' म्हणायची. नावं ठेवण्यात पोरांचा हात कोण धरणार! हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता हा माणूस ट्रेनिंग किचनच्या दारात उभा राहायचा आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला, नखं बघायच्या आणि दाढी बघायच्याही आधी, एकच प्रश्न विचारायचा, "घरी सगळं ठीक हाय ना?" एकदा विचारून त्याचं भागायचं नाही. पोरगं हो म्हणालं की पुन्हा विचारायचा, आणि शेगडी पेटवताना जवळ येऊन तिसऱ्यांदा.

एका वर्षी एका पोरीनं सहज सांगून टाकलं, "आजीला जरा बरं नाही, सर." झालं. सरांनी तिला एप्रन सोडायला लावला आणि स्वतः रिक्षात घालून पाचोडच्या बसमध्ये बसवून दिलं. आजीला पडसं झालं होतं. पोरगी परीक्षेला गैरहजर लागली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील येऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये तासभर तोंडसुख घेऊन गेले. सरांनी खाली मान घालून सगळं ऐकलं आणि मग तिची परीक्षा पुन्हा व्हावी म्हणून महिनाभर विद्यापीठाचे उंबरे झिजवले. माणूस चळला, असं स्टाफरूममध्ये ठरलं. ठरवणाऱ्यांचं काय जातंय!

मुळात हा माणूस असा नव्हता. बिडकीनजवळच्या वाडीवरचा त्रिंबक, बाप मल्हारराव मेंढरं राखणारा. दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर. अशा घरातलं पोर गटांगळ्या खात दहावी झालं आणि औरंगाबादेत स्टेशनजवळच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागलं. हाताला चव आहे, हे तिथल्या मॅनेजरच्या ध्यानात आलं. त्यानं धक्के मारून त्याला कोर्स करायला लावला. त्रिंबकला एक्केचाळीस टक्के पडले. पुढं नव्यानं निघालेल्या कॉलेजानं त्याला किचनमध्ये शिकवायला घेतलं, इस्त्रीचा पांढरा कोट अंगावर आला, पण ते एक्केचाळीस टक्के काही त्याच्या मनातून गेले नाहीत.

"त्या वयात मला कुणी इचारलंच नाही, तुला काय व्हायचंय म्हणून," तो बायकोला, कस्तुराबाईला, सांगायचा. "इचारलं असतं तर अभ्यास केला असता."

"कोण इचारणार व्हतं? मेंढरं?" कस्तुराबाई म्हणायची.

ती हसायची, पण त्याला ते लागायचं. म्हणून मग त्यानं विचारायला सुरुवात केली. पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पोरांना उंच पांढऱ्या टोप्या वाटल्या जात. हॉटेलातल्या चादरींवर खुणा करायची पक्की काळी शाई असते, उकळत्या पाण्यातही न जाणारी, तिची बाटली त्रिंबक टेबलावर ठेवायचा. टोपीच्या आतल्या पट्टीवर, कपाळाला टेकते त्या जागी, प्रत्येकानं लिहायचं, दहा वर्षांनी मी कोण असेन. रोज टोपी घालायची म्हणजे रोज ते कपाळाला लागायचं.

कोण काय लिहितं हे त्यानं एका वहीत टिपून ठेवलं आणि वर्ष संपल्यावर शेजारी मार्क लिहिले. खरं सांगायचं तर तो काही चुकत नव्हता. 'हॉटेलात नोकरी' असं मोघम लिहिणारी पोरं पन्नाशीत अडकायची. 'दुबईत हेड कुक', 'स्वतःचं केक शॉप' असं नेमकं लिहिणारी पासष्टाच्या खाली यायची नाहीत. तीन वर्षं त्यानं ताडून पाहिलं, तिन्ही वर्षं तेच. प्राचार्य नानासाहेब तर इतके खूश झाले, की बाहेरचा कुणी पाहुणा आला की त्याला एखादी टोपी उलटी करून दाखवायला लागले. त्रिंबकला स्वर्ग दोन बोटं उरला. नेमकी तिथंच माशी शिंकली.

चौथ्या वर्षी अजिंठ्याहून सांडू नावाचा एक पोरगा आला. बाप लहानपणीच गेलेला. आई द्वारकाबाई, तिथल्या बसस्टँडजवळ पत्र्याच्या आडोशाला चूल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला पिठलं-भाकरी द्यायची. सांडू तिच्या शेजारी बसून सातव्या वर्षापासून भाकरी थापत आलेला. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या टोप्या लिहून झाल्या आणि ह्याची पट्टी कोरीच.

"काय लिहू, सर?"

"तुला काय व्हायचंय ते."

सांडूनं बराच विचार केला. "मला सैपाक येतो," तो म्हणाला. "मायच्या हाताखाली करतो. आनखी काय व्हायचं?"

वर्ग हसला. त्रिंबकला मात्र त्या कोऱ्या पट्टीत स्वतःचे एक्केचाळीस टक्के दिसले. त्यानं पोराच्या हातातून टोपी घेतली, काडी शाईत बुडवली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'जहाजावरचा मुख्य शेफ'. जहाजच का? तर आदल्याच आठवड्यात एका जहाज कंपनीचा माणूस कॉलेजात येऊन गेला होता, एवढंच. सांडूनं आयुष्यात वाघूर नदीपलीकडं मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. त्यानं टोपी घातली आणि म्हणाला, "बरं, सर."

आणि ते त्याला लागू पडलं. पहिल्या परीक्षेत अठ्ठेचाळीस, मग एकसष्ट, मग सत्त्याहत्तर. पदार्थांची फ्रेंच नावं जिभेवर बसेनात, तर सांडू ती पाठ करत होस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारायचा. सुरुवातीला दर शनिवारी गावाकडची एसटी धरायचा, ते महिन्यावर आलं, मग सणावर. दुसऱ्या वर्षी दिवाळीलाही दोनच दिवस गेला. एकदा द्वारकाबाई भाकरीचं फडकं घेऊन स्वतःच आली. त्याचं प्रॅक्टिकल चालू होतं. ती गेटवर वॉचमन कडूबाशेजारी तीन तास बसली आणि शेवटची बस चुकेल म्हणून फडकं तिथंच ठेवून परत गेली. हे त्रिंबकला कळलं तेव्हा तो स्टाफरूममध्ये म्हणाला होता, "ह्याला म्हणायचं ध्येय!" तो हे वाक्य पुढं कधीही विसरू शकला नाही.

शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिल नव्व्याण्णवला होती. साडेनऊ ते दीड. मुंबईहून परीक्षक आलेले. नियम असा, की एकदा सामानाचा ट्रे हातात घेऊन शेगडी पेटवली की किचनचा उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला की गैरहजर, आणि गैरहजर म्हणजे वर्ष गेलं. दुसऱ्याच दिवशी जहाज कंपनीच्या मुलाखती होत्या.

पावणेदहाला कडूबानं त्रिंबकला बाहेर बोलावलं. गेटाच्या आतल्या कडुलिंबाखाली एक धोतरवाला म्हातारा उभा होता. हा पुंजाराम, सांडूचा मामा. पहिल्या गाडीनं अजिंठ्याहून आलेला, टोपीवर एसटीची धूळ.

"सांडूची माय लई अवघड हाय, साहेब," तो म्हणाला. "डाक्तरनं हात टेकले. पहाटपासून एकच चाललंय तिचं, सांडू आला का, सांडू आला का. लवकर धाडा त्याला."

 त्रिंबक पटकन वळलासुद्धा. किचनच्या दारापर्यंत गेला. आत बारा शेगड्या पेटलेल्या, आणि खिडकीजवळच्या शेगडीवर सांडू कॅरमलसाठी साखर विरघळवत होता. मान खाली, नजर पातेल्यात. पोराचं लक्ष कसं कामात आहे, असं त्रिंबकला वाटलं आणि त्याही घटकेला त्याचा ऊर अभिमानानं भरून आला. तीन वर्षांची मेहनत. आणखी पावणेचार तास फक्त. आजारी माणसं काय लगेच जातात का?

तो परत लिंबाखाली आला. "मामा, परीक्षा चालू हाय. बाहेर काढला तर वर्ष जाईल त्याचं. दीडला सुटतो. तवर बसा."

पुंजारामनं त्याच्याकडं पाहिलं. सरांच्या अंगावर पांढरा कोट होता, छातीवर नावाची पट्टी होती. "तुम्ही म्हणता तसं," असं म्हणून तो बसला. त्रिंबकनं स्वतःच्या हातानं त्याला चहा नेऊन दिला. म्हाताऱ्यानं कप घेतला आणि शेजारी जमिनीवर ठेवला. दीड वाजता तो तसाच होता, साय धरलेला.

सांडूच्या ताटाला परीक्षकांनी शंभरपैकी चौऱ्याण्णव दिले. ऐंशीच्या वर आपण आजवर कुणाला दिले नाहीत, असं ते म्हणाले. सांडू घाम पुसत बाहेर आला तेव्हा त्रिंबक त्याला म्हणाला, "सांडू, तुझे मामा आलेत. आत्ताच आले. तुझी आई आजारी हाय म्हणतात."

आत्ताच आले. पुंजाराम तिथंच, दोन हातांवर होता. त्यानं धोतर झटकलं आणि गेटाकडं चालू लागला.

दोघं दोनच्या गाडीनं निघाले. द्वारकाबाई तीन वाजता गेली. गाडी सव्वापाचला अजिंठ्यात पोचली. जहाज कंपनीच्या माणसांनी मार्क पाहून सांडूसाठी मुलाखत दोन आठवडे थांबवली आणि त्याला निवडला. मुंडण केलेल्या डोक्यानं येऊन तो सरांच्या पाया पडून गेला. पुढं ना पत्र, ना फोन.

दहाला निघाले असते तर सव्वाला पोचले असते. सव्वा ते तीन, पावणेदोन तास. हा हिशेब त्रिंबकनं किती वेळा केला, त्याला गणती नाही. कांदा चिरताना केला, गाडीला किक मारताना केला, पोरीच्या लग्नात अक्षता टाकताना केला. उत्तर कधी बदललं नाही. मग त्याला दिवसाढवळ्या पुंजाराम दिसायला लागला. परीक्षेच्या दिवशी किचनच्या खिडकीतून बाहेर नजर गेली की लिंबाखाली म्हातारा बसलेला, शेजारी कप. पुढं कॉलेजानं तो लिंब तोडून तिथं गाड्यांसाठी पत्र्याची शेड उभी केली. त्रिंबकला वाटलं, सुटलो. पुढच्या एप्रिलमध्ये म्हातारा दोन मोटरसायकलींच्या मधे बसलेला होता. ओरडत नव्हता, हात दाखवत नव्हता. सरांनी सांगितलंय तर बसावं, तसा बसला होता. दर अर्ध्या तासानं त्रिंबक गेटवर जाऊन कडूबाला विचारायचा, "कुणी आलंय का?" कडूबा मान हलवायचा. त्याला एकट्याला सगळं माहीत होतं, पण त्यानं कधी तोंड उघडलं नाही, आणि त्रिंबकनं कधी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

पावणेदहाचा चहा त्रिंबकनं सोडला. कोऱ्या टोप्या कोऱ्याच ठेवू लागला. पण एक गोष्ट त्याला सोडता आली नाही, आणि तिचीच त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटायची. नवीन बॅच आली की प्राचार्य म्हणायचे, "त्रिंबक सर, पोरांना ती चौऱ्याण्णव मार्कांची गोष्ट सांगा." तो सांगायचा. भाकरी थापणारा पोरगा, कोरी पट्टी, अठ्ठेचाळीस, एकसष्ट, सत्त्याहत्तर, चौऱ्याण्णव. पोरं टाळ्या वाजवायची. त्या वर्षी वर्गाचे मार्क खरंच वाढायचे. गोष्ट तिथंच संपवून तो घाईघाईनं हात धुवायला जायचा.

शहराचं नाव बदललं त्याच वर्षी त्रिंबक रिटायर झाला. निरोपाचा कार्यक्रम ठरला आणि नवे प्राचार्य त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सर, तुमच्यासाठी एक सुखद धक्का आहे. तुमचा सांडू येतोय. मोठ्या जहाजावर मुख्य शेफ आहे आता. सुट्टीवर आलाय, पाहुणा म्हणून बोलावलं." त्रिंबक हसला. घरी आला आणि जेवलाच नाही. कस्तुराबाईनं कारण विचारलं, तेव्हा चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते सगळं सांगून टाकलं, अगदी 'आत्ताच आले' सकट.

 कस्तुराबाई रडेल किंवा चिडेल असं त्याला वाटत होतं. "आवं," ती म्हणाली, "त्याच्या मायचा सांगावा व्हता तो. तुम्ही कोण दाबून ठेवणार? उद्या देऊन टाका त्याचा त्याला. मग तो मारू द्या, नायतर थुंकू द्या."

कार्यक्रम अकराला होता. त्रिंबक नऊलाच गेला आणि किचनमध्ये एका स्टुलावर बसून राहिला.  मनात वाक्यं जुळवत होता आणि ती मोडत होती. दहाच्या सुमारास दारातून एक जाडसर, कानशिलं पिकलेला माणूस आत आला. चांगला सूट, पायात चकचकीत बूट. त्यानं बूट दाराशी काढले, येऊन पाया पडला आणि न विचारता खिडकीजवळच्या शेगडीपाशी गेला. तिच्यावर त्यानं हात ठेवला.

"सांडू," त्रिंबक उभा राहिला. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. "त्या दिवशी मी तुला खोटं बोललो. तुझे मामा दीडला नव्हते आले. पावणेदहाला आले होते. मी त्यांना बसवून ठेवलं. तुला कळू दिलं नाही. माझ्यामुळं तुझी आई..."

"मला म्हायती हाय, सर."

"मामांनी सांगितलं?"

"नाय. मामा मरेपर्यंत एक शब्द बोलला नाय." सांडूचं बोट खिडकीकडं गेलं. "हितून लिंब दिसायचा. मी मामाला गेटातून आत येताना पाह्यलं. शेतीचं काम सोडून मामा कधी शहरात येत नाय, सर. तो आला म्हणजे काय झालं आसंल, ते मला तवाच कळलं."

त्रिंबकनं खिडकीबाहेरच्या पत्र्याच्या शेडकडं पाहिलं.

"तुम्ही दारात आला तवा मी मान खाली घातली. मनात म्हणलं, सरांनी हाक मारू नये. देवा, हाक मारू नये. साखर जळंल." त्यानं शेगडीवरून बोट फिरवलं. "तुम्ही परत गेला आन् मला बरं वाटलं. दीडला तुम्ही म्हणला, आत्ताच आले, तवा तर लईच बरं वाटलं. म्हणलं, चला, आता मलाबी म्हणता येईल, म्हायती नव्हतं म्हणून."

चोवीस वर्षं त्रिंबकला वाटत आलं होतं, की आपण त्या पोराला अडवलं. अडवायची गरजच पडली नव्हती. पोरगा आपला आपण थांबला होता, आणि त्याला तसं थांबायला ह्याच किचनमध्ये शिकवलं गेलं होतं, एकेक मार्क वाढवत. भोगलेलं सगळं कमी होतं, असं त्रिंबकला वाटलं. तो परत स्टुलावर बसला.

सांडूनं दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसला. दोघांचे गुडघे जवळजवळ टेकले. बाहेर हॉलमध्ये कुणीतरी माईक तपासत होतं.

"सर, मी सत्कारासाठी नाय आलो," सांडू म्हणाला. आवाज अगदी खाली उतरला होता. "एक इचारायचंय. मामाला कधी इचारता आलं नाय. इचारलं असतं तर त्याला कळलं असतं, की मी पाह्यलं व्हतं त्याला. तो तुमच्यापाशी काय बोलला? मायनं... मायनं माझं नाव घेतलं व्हतं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. शेवटी शुद्ध नव्हती तिला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पोराचं ओझं हलकं झालं असतं. त्रिंबकच्या ओठांवर ते आलंही. पण ह्या पोराचं बरं कशात आहे, हे आपण ठरवायचं, ही खोड त्याला एकदा भोवली होती, आणि कस्तुराबाईचे शब्द कानात होते.

"घेतलं होतं," तो म्हणाला. "पहाटेपासून तुझंच नाव घेत होती. सांडू आला का, सांडू आला का, एकच चाललं होतं तिचं. लवकर धाडा, असं म्हणाले मामा."

सांडूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बराच वेळ त्याचे खांदे हलत राहिले. हॉलमधून कुणीतरी त्यांना बोलवायला आलं, दारातून पाहून तसंच मागं फिरलं. मग सांडूनं हात खाली घेतले, आणि त्रिंबककडं न बघता, लहान पोरानं दारातून ओ द्यावी तसा म्हणाला, "आलो, माये."